अंडी सगळ्यांना हवीत

इथे सिडनीत जून म्हणजे हिवाळा. तशाच एका कडाक्याच्या थंडीतल्या सकाळी मागच्या कुंपणावरून मावशींनी हाक मारली. मावशी म्हणजे आमच्या मागच्या घरातल्या, शाळेच्या कँटीनमधून रिटायर झालेल्या, मी त्यांना नावानेच हाक मारते कारण इथे तसंच चालतं, पण मनात मात्र मावशीच म्हणते. हातात पुठ्ठ्याचं खोकं, वर जुना टॉवेल, आणि टॉवेलच्या कडेने एक लालबुंद तुरा बाहेर आलेला. नातीच्या प्रीस्कूलमध्ये टर्म वनला, म्हणजे वर्षाच्या पहिल्या सत्रात, अंडी उबवायचं मशीन आणलं होतं, मुलांनी काचेतून पिल्लं बाहेर पडताना बघितली, टाळ्या वाजवल्या, मग ज्यांना हवं त्यांनी एकेक पिल्लू घरी न्यायचं होतं. नातीने एक आणलं, आजीच्या घरी बॅकयार्ड मोठं म्हणून ते आजीकडे आलं, त्याचं नाव ठेवलं बिस्किट. आणि आता बिस्किट पहाटे साडेपाचपासून आरवायला लागला होता. सुरुवातीचं ते आरवणं मीही ऐकलं होतं, गंजलेल्या बिजागरीसारखं, अर्ध्यात तुटणारं, पण आठवड्याभरात त्याला सूर सापडला आणि पलीकडच्या गल्लीतल्या कुणीतरी कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन केला. मावशी खोकं कुंपणावर टेकवून म्हणाल्या, "तू गावाकडची आहेस ना, कोंबड्यांमध्ये वाढलेली. तू घेशील का याला? पुढचं मी काही विचारणार नाही."

मी संध्याकाळपर्यंत सांगते म्हणलं आणि ट्रेन पकडली. रिचमंड लाइनच्या गाडीत खिडकीबाहेर दव पडलेली कुरणं, मध्येच नव्या घरांची राखाडी छपरं, आणि माझ्या डोक्यात ते एकच वाक्य फिरत होतं. त्यांनी मला वाईट काहीच म्हटलं नव्हतं, उलट विश्वासाने विचारलं होतं, बाईंचा स्वभाव इतका चांगला की आमच्या घरी बाळ झालं तेव्हा पहिला डबा त्यांनी आणून दिला होता. तरी काहीतरी टोचलं. गावाकडची आहेस म्हणजे तुला ते जमतं, आणि तुला जमतं म्हणजे मला ते बघायला नको, असा काहीतरी त्याचा अर्थ होत होता.

पुढचं मी काही विचारणार नाही.

आम्ही राहतो तो सिडनीच्या वायव्येचा भाग, रिव्हरस्टोन. इथे अजून थोडी जुनी फायब्रोची, म्हणजे सिमेंटच्या पातळ पत्र्यांची, घरं शिल्लक आहेत, मागे लांबलचक अंगण, लिंबाचं झाड, कपडे वाळत घालायचा तो गोल फिरणारा हॉइस्ट. पण स्कोफील्ड्सकडे, मार्सडेन पार्ककडे गेलं की सगळी नवी इस्टेट, घराला घर चिकटलेलं, आणि तिथेच आपली मराठी माणसं जास्त, गणपतीत तिकडेच जायचं असतं आम्हाला. तिथल्या मैत्रिणी म्हणतात आम्हालाही कोंबड्या पाळायच्यात, पण न्यू साउथ वेल्सचा नियम असा की कोंबड्या कुठल्याही राहत्या घरापासून निदान साडेचार मीटर लांब पाहिजेत, स्वतःच्याही आणि शेजाऱ्याच्याही. त्या इस्टेटमध्ये मागे एवढी जागाच उरत नाही. म्हणून आमचं जुनं, वाऱ्याने करकरणारं भाड्याचं घर मला अजून आवडतं. खुराडं लिंबाच्या पलीकडे बसवलं, त्यात दोन तपकिरी आयसा ब्राउन आणि एक काळी ऑस्ट्रालॉर्प. ऑस्ट्रालॉर्प ही इथलीच जात, इंग्लंडच्या काळ्या ऑर्पिंग्टनवरून इथल्या लोकांनी निवडून निवडून तयार केलेली, आणि तिच्यातल्या एकीने 365 दिवसांत 364 अंडी दिल्याचा विक्रम इथली माणसं अजून अभिमानाने सांगतात. उन्हात त्या काळ्या पिसांवर हिरवी झाक येते, पाचूसारखी वगैरे म्हणवत नाही, हिरवीच, पावसाळ्यातल्या शेवाळाची असते ती.

खरं सांगायचं तर कोंबड्या येईपर्यंत मी या गल्लीत फक्त राहत होते. हाय, हॅलो, कचऱ्याच्या बिनची गाडी उद्या येणार का, एवढंच. कोंबड्या आल्या आणि माणसं कुंपणाशी थांबायला लागली. कुणी लेट्यूसची बाहेरची पानं आणून टाकतं, कुणी रिकामी अंड्यांची कार्टन दारात ठेवून जातं आणि दोन दिवसांनी ती भरून परत त्यांच्या दारात जातात, पैशाची भाषा कुणी काढत नाही. कोपऱ्यावरच्या घरातले गृहस्थ, ज्यांनी दोन वर्षांत माझ्याकडे मान वर करून बघितलं नव्हतं, ते एका संध्याकाळी दारात येऊन सांगून गेले की काल रात्री नाल्याच्या बाजूला कोल्हा बघितलाय, दार नीट लाव. हे कोल्हे इथले नाहीत, एकोणिसाव्या शतकात शिकारीच्या शौकापायी इंग्रजांनी आणले आणि मग ते देशभर पसरले. कोंबडीही तशी बाहेरचीच, 1788 च्या इंग्रजांच्या पहिल्या ताफ्याबरोबर जहाजातून आलेली. आम्हीही बाहेरचेच. तर त्या गृहस्थांशी मग कोल्ह्यावरून बोलणं सुरू झालं ते जाळी जमिनीखाली किती खोल पुरायची, लाल पोटाचा काळा साप उंदरांमागे येतो म्हणून दाणे उघडे ठेवायचे नाहीत, माती तपासून घेतली का इथपर्यंत गेलं. मातीचं त्यांनी बरोबर सांगितलं. मॅक्वेरी युनिव्हर्सिटीच्या लोकांनी 2022 मध्ये सिडनीतली घरची अंडी तपासली तेव्हा विकतच्या अंड्यांपेक्षा त्यात सरासरी 40 पट जास्त शिसं सापडलं होतं, जुना रंग, जुन्या पेट्रोलचा धूर, सगळं मातीत बसलेलं, आणि कोंबडी दिवसभर मातीच उकरते. मी माती पाठवली, रिपोर्ट ठीक आला, मगच लेकीला घरचं अंडं दिलं.

शनिवारी सकाळी सगळे भेटतात ते दाणा-वैरणीच्या दुकानात, इथे प्रोड्यूस स्टोअर म्हणतात. आत शिरलं की ल्यूसर्नच्या गवताचा आणि गुळाच्या पाण्याचा वास, घोड्यांचं खाद्य, पोती, आणि काउंटरशी गप्पा मारणारे चार-पाच जण, कुणाला लेअर पेलेट्स, कुणाला शिंपल्याचा चुरा, काम दोन मिनिटांचं असतं पण कुणी लवकर निघत नाही. आणि विषय कुठूनही निघाला तरी कोंबड्यावर येतो. तलंगा, म्हणजे कोवळ्या माद्या, म्हणून आणलेल्या चारांतली एक आरवायला लागली, तुमच्याकडे जागा आहे का. माझा कोंबडा नवऱ्याच्या पोटरीला लागला, टाके पडले. रात्री गॅरेजमध्ये ठेवते, तरी ऐकू जातो. दाराशेजारी एक फळा आहे, त्यावर चिठ्ठ्या टाचलेल्या, आणि त्यातल्या निम्म्या तरी कोंबड्याच्या असतात. फुकट, चांगल्या घरी द्यायचा आहे, देखणा आहे, माणसाळलेला आहे. एका चिठ्ठीवर लहान मुलाच्या अक्षरात लिहिलं होतं, खाण्यासाठी नाही. त्या अक्षरापुढे मी बराच वेळ उभी राहिले. फळ्यावर इतके कोंबडे आणि हवा आहे अशी चिठ्ठी एकही नाही. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं की सोमवारी दुकान उघडायला येते तेव्हा कधीकधी गेटपाशी खोकं असतं, आत दोन, कधी तीन. काही लोक तर रिझर्व्हच्या कडेला झाडीत सोडून जातात, मोकळा जगेल म्हणून. घरात वाढलेला कोंबडा झाडीत एक रात्र काढत नाही, कोल्ह्याला तो संध्याकाळीच दिसलेला असतो.

लोक वाईट नाहीत हो. रहिवासी भागात बहुतेक कौन्सिलांना कोंबडा नकोच असतो, आणि ज्याला पहाटे चारला शिफ्टवरून येऊन झोपायचंय त्याच्या बाजूने विचार केला तर तेही खोटं नाही. बेल्जियममधल्या अँटवर्प आणि गेंटच्या संशोधकांनी 2018 मध्ये कोंबड्याच्या कानाजवळ माइक लावून मोजलं, तर आवाज 140 डेसिबलच्या वर गेला, त्याचं स्वतःचं बहिरेपण टळतं कारण चोच पूर्ण उघडली की कानाचं भोक बंद होतं. शेजाऱ्याच्या कानाला तशी सोय नाही. म्हणून लोक नाना उपाय करतात. गळ्याला पट्टा बांधतात, हवा पूर्ण जोराने बाहेर पडू नये म्हणून, मला तो प्रकार बघवत नाही. काही जण रात्री बुटक्या काळोख्या खोक्यात ठेवतात, मान ताणता येऊ नये आणि उजेड दिसू नये म्हणून, आणि आठ वाजले की बाहेर काढतात. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल, पण इथे मी खरोखर झाकलेली कोंबडी बघितली. आणि अंधारातही ते आरवतंच. जपानमध्ये नागोया युनिव्हर्सिटीत शिमुरा आणि योशिमुरा यांनी 2013 मध्ये दाखवलं की मंद उजेडात, बाहेरचं काहीच कळत नसताना सुद्धा कोंबडा आपल्या आतल्या घड्याळाने बरोबर वेळेला आरवतो, आणि पुढे दोन वर्षांनी असंही दाखवलं की चारपाच असले तर सगळ्यात मोठ्या मानाचा आधी आरवतो, बाकीचे पाळीपाळीने. पहिल्या मानकऱ्याला बाजूला काढला की दुसरा पहिला होतो. हे आमच्या आजीला कुठल्याही युनिव्हर्सिटीशिवाय माहीत होतं. तिच्याकडे दोन कोंबे, म्हणजे कोंबडे, असायचे, एक तांबडा, एक काळा, आणि तांबड्याच्या आधी काळ्याने तोंड उघडलं तर काय व्हायचं ते आम्ही पोरांनी अंगणात बघितलंय. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी इथे घड्याळं तासभर पुढे करतात, त्या दिवसापासून कोंबडा तासभर उशिरा आरवल्यासारखा होतो आणि कोंबडेवाले थोडा श्वास घेतात, पण डिसेंबरात परत पावणेसहालाच सूर्य उगवतो आणि फोन सुरू.

आता त्याच पहाटेचे बाकीचे आवाज ऐका. उजाडायच्या आधी तारेवर बसून कूकाबरा हसतात, एक सुरू झाला की सगळं खानदान. कॉकॅटू येतात ते किंचाळतच येतात, त्यांच्या आवाजात फोनवर बोलता येत नाही. मॅगपायची सकाळची शीळ मात्र इतकी गोड की चहा हातात थंड होतो. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात न्यू गिनीकडून कोएल येतो. आपला कोकीळच तो, जवळचा नातेवाईक, काळाभोर, लाल डोळ्यांचा. इथेही स्वतः घरटं करत नाही, दुसऱ्यांच्या घरट्यात अंडं घालतो, फक्त इथे कावळ्याऐवजी वॉटलबर्डसारखे पक्षी फसतात. पहिल्या वर्षी अंधारात त्याची ती चढत जाणारी हाक ऐकली आणि मी अंथरुणातच उठून बसले, आंब्याचा मोहोर, शाळेला पडलेली सुट्टी, सगळं एका दमात आलं. सकाळी मावशी म्हणाल्या, काय वैताग आहे, रात्रभर झोपू दिलं नाही या पक्ष्याने. कोकिळेला कुणी वैताग म्हणू शकतं हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. पण गंमत बघा, कोएलची तक्रार कौन्सिलकडे करून उपयोग नाही, तो इथला पक्षी, कायद्याने संरक्षित, डिसेंबर-जानेवारीपर्यंत सहन करायचा आणि करतातही. म्हणजे माणसाला आवाज सोसतो. ज्याला घालवता येत नाही त्याचा सोसतो. कोंबड्याला घालवता येतं, एवढाच फरक आहे.

आणि कोंबडा नुसता आरवत नाही ना. लहानपणी कणकवलीजवळ आजीच्या अंगणात मी तासन्‌तास बसून बघितलंय, आजी पहाटे "कोंबो आरावलो, ऊठ गो" म्हणून उठवायची आणि मी अर्धवट झोपेत खळ्यात जाऊन बसायचे. तांबड्याला गांडूळ सापडलं की तो स्वतः खायचा नाही. उचलायचा, टाकायचा, उचलायचा, टाकायचा, आणि घशातून कुक कुक कुक असा भराभरा आवाज, कोंबड्या धावत यायच्या, त्या खायच्या, हा मान वाकडी करून बघत राहायचा. घार आली की लांबलचक बारीक आवाज, आणि पिल्लांसकट सगळं अंगण एका क्षणात रिकामं, घायपाताखाली, माडाच्या झापाखाली. मुंगूस किंवा बोका दिसला तर वेगळा आवाज, तुटक, कर्कश, आणि तेव्हा कोंबड्या लपायच्या नाहीत, माना ताणून उभ्या राहायच्या. सिडनीत आल्यावर कळलं की याच शहरात, मॅक्वेरी युनिव्हर्सिटीत, क्रिस एव्हन्स नावाच्या शास्त्रज्ञाने हेच वर्षानुवर्षं अभ्यासलं, वर टीव्हीच्या पडद्यावर घारीचं चित्र उडवून कोंबड्यांचे आवाज रेकॉर्ड केले, आणि सिद्ध केलं की वरून येणाऱ्या आणि जमिनीवरून येणाऱ्या संकटाच्या हाका वेगवेगळ्या आहेत आणि नुसती हाक ऐकूनही कोंबडी बरोबर तेच करते. त्यांच्याच गटाने हेही बघितलं की मोठा कोंबडा जवळ असला की धाकटा तोंडातून आवाज न काढता नुसता उचल-टाक करून कोंबड्यांना खाऊ दाखवतो. हे मी पोट धरून हसत वाचलं, कारण आमचा काळा हुबेहूब असाच करायचा.

माझ्या तिन्ही कोंबड्यांना हाक देणारा कुणी नाही. वर करडा ससाणा घिरट्या घालतो तेव्हा त्यांना उशिरा कळतं, मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत असते आणि मीच ओरडत बाहेर जाते.

आजीच्या अंगणातल्या कोंबड्यांचं पुढे काय व्हायचं तेही लपलेलं नव्हतं. खुराड्यात किती नर वाढतायत ते सगळ्यांना माहीत असायचं. एक ठेवायचा, फार तर दोन. बाकीचे पाहुण्याला, आखाड संपायच्या आत, आणि एक चांगला, पूर्ण वाढलेला, राखणीला. राखणदाराला द्यायचा कोंबडा आधीच ठरलेला असायचा, त्याला कुणी हात लावायचं नाही, काका रात्री खुराड्यातून अलगद उचलायचे कारण अंधारात कोंबडी गप्प बसते, पळापळ नाही, पिसं उडणं नाही. सकाळी गाऱ्हाणं व्हायचं, मग सुरी. मला ते आवडायचं असं नाही. मी एकदा माडाच्या मागे जाऊन खूप रडले होते, आणि दुपारी वडे-सागोतीच्या पानावर बसल्यावर घास उतरत नव्हता, आजीने तेव्हा समजूत घातली नाही की खोटं सांगितलं नाही, एवढंच म्हणाली की नको असेल तर भात-आमटी खा. मग मी दोन्ही खाल्लं. आजही सुरी हातात घ्यायची माझी तयारी नाही, पण कोण घेतो, कधी घेतो, कशासाठी घेतो हे त्या घरात लहान मुलालाही माहीत होतं. त्यामुळे कोंबडा नकोसा कधीच नव्हता. त्याचं आयुष्य छोटं होतं, पण त्या अंगणात त्याला जागा होती.

इथे नर पिल्लाला सुरुवातीपासूनच जागा नाही. अंडं उबवलं की साधारण निम्मी पिल्लं नर निघणार, हे प्रीस्कूलच्या मशीनलाही लागू आणि मोठ्या हॅचरीलाही. अंड्यांच्या उद्योगात त्यांना पहिल्याच दिवशी मारतात, कारण ती अंडी देत नाहीत आणि मांसाच्या जातीइतकी भरत नाहीत. जर्मनीने 2022 पासून ते बंद केलं, अंड्यातच नर-मादी ओळखायची यंत्रं बसवली. आयसा ब्राउन तर अशीच बनवलीय की पिल्लू बाहेर पडल्या पडल्या रंगावरून कळतं, तपकिरी ती मादी, फिकट तो नर. म्हणजे माझ्या त्या दोन तपकिरी बायांचे भाऊ होते, आणि ते कुठे गेले हे मला माहीत आहे, कितीही म्हटलं तरी. घरच्या कोंबड्या म्हणून मी हात झटकू शकत नाही. 2020 च्या लॉकडाउनमध्ये लोकांनी भराभर कोंबड्या घेतल्या, मग जून 2024 मध्ये इथेच हॉक्सबरीत अंड्यांच्या फार्मवर बर्ड फ्लू निघाला, सुपरमार्केटमध्ये माणशी दोनच कार्टन असा बोर्ड लागला, आसपास कोंबड्या-अंडी इकडची तिकडे न्यायला बंदी आली, तेव्हा तर दुकानातल्या तलंगांना वेटिंग लिस्ट होती. प्रत्येक तलंगेमागे एक भाऊ. फळ्यावरच्या चिठ्ठ्या दिसतात ते त्यातले वाचलेले.

तर संध्याकाळी मी मावशींना सांगितलं की मी एकटी नेणार नाही, आपण दोघी जाऊ, आणि जिथे नेऊ तिथे काय होऊ शकतं ते आधी ऐकून घ्या. त्यांना ते आवडलं नाही, चेहऱ्यावर दिसलं. थोडा वेळ त्या टॉवेलची घडी घालत राहिल्या आणि मग म्हणाल्या, शनिवारी चालेल.

ओकव्हिलला एक माल्टीज आजोबा आहेत, दुकानातच ओळख झालेली. दुसऱ्या महायुद्धानंतर माल्टाहून आलेली बरीच कुटुंबं या पश्चिम सिडनीत, ग्रेस्टेन्स, पेंडल हिल, ब्लॅकटाउन भागात स्थिरावली, भाजीचे मळे आणि पोल्ट्री फार्म हे त्यांचं काम. आजोबांचा फार्म होता तिथे आता घरं आहेत, ते अजून त्या जागेला शेडच्या नंबरने ओळखतात. आता पाच एकरांवर थोड्या कोंबड्या, हौसेच्या. ईस्टर शोला दरवर्षी जाऊन येतात, होमबुशला पिंजऱ्यांच्या रांगा लागतात ना, कोंबडे धुऊन वाळवून आणलेले, तुऱ्याला तेल लावून चमकवलेला, परीक्षक पांढऱ्या कोटात पंख उलगडून बघतात, एवढ्या मोठ्या शहरात कोंबड्याचा मान राखलेला मी तेवढा एकाच जागी बघितलाय. आजोबांनी बिस्किटला खोक्यातून काढलं, काखेत धरलं, छातीचं हाड चाचपलं, एक पाय बोटांवर घेऊन बघितला. पाय पिवळा धमक. मी त्यांना सांगितलं की पिवळी कातडी आपल्या बाजूच्या करड्या रानकोंबड्याकडून आलीय, 2008 मध्ये स्वीडनच्या उप्साला युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी जीन तपासून काढलंय, आणि तो रानकोंबडा आमच्या आंबोलीच्या जंगलात अजून ओरडतो. आजोबा माझ्याकडे आणि पायाकडे आळीपाळीने बघत राहिले, मग म्हणाले, म्हणजे हा तुझ्या गावचा. आणि मग मावशींकडे वळून सरळ सांगितलं, माझा कोंबडा म्हातारा झालाय, याला तरुण कोंबड्यांबरोबर ठेवून बघतो. शांत निघाला तर राहील. कोंबड्यांना फाडायला लागला किंवा माणसावर आला तर मी त्याला मारीन आणि खाईन, आणि तुम्हाला फोन करीन. मावशींनी मान हलवली. घरी येताना गाडीत त्या बोलल्या नाहीत, विंडसर रोडच्या सिग्नलला म्हणाल्या की त्यांच्या वडिलांकडेही कोंबडे होते, ख्रिसमसला एक जायचा, आणि आई मुलांना त्या दिवशी स्वतःच्या बहिणीकडे पाठवून द्यायची.

बिस्किट ऑक्टोबरपर्यंत राहिला. मग दोन कोंबड्यांच्या पाठी सोलल्या, आजोबांच्या हाताला पायामागचा काटा लागला. त्यांनी शब्द दिल्याप्रमाणे फोन केला. मावशींनी सगळं विचारलं. कधी, कसं, किती वेळ लागला. आजोबांनी सांगितलं, सकाळी, खायला घालायच्या आधी, नरसाळ्यात उलटा धरून, एका झटक्यात, आणि त्याचा ब्रोडू केला, म्हणजे त्यांच्याकडचं ते पातळ सूप. मावशी रडल्या, मला येऊन सांगताना परत रडल्या, पण नातीला त्यांनी बिस्किट मोठ्या फार्मवर मजेत आहे असं सांगितलं नाही. खरं सांगितलं. नातीने विचारलं तो घाबरला होता का, तर म्हणाल्या थोडा, फार वेळ नाही. मग त्या प्रीस्कूलमध्ये गेल्या आणि नर पिल्लांचं काय करता असं विचारलं. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, म्हणाल्या हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. पुढच्या वर्षी मशीन आणायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. मला वाटतं आणावं, पण मग पुढचंही मुलांना दाखवावं. निदान सांगावं तरी. चार वर्षांच्या मुलांना झेपतं, आपल्यालाच झेपत नाही.

आणि आता माझी ऑस्ट्रालॉर्प खुडूक बसलीय. पेटीत पिसं फुलवून सपाट पडून राहते, हात घातला की गुरगुरते, दिवसातून एकदा उठते, घाईघाईने खाते, धुळीत लोळते आणि परत बसते. तिच्याखाली आमची न फळलेली अंडी ठेवण्यात अर्थ नाही, आमच्याकडे नर नाही. म्हणून आजोबांकडून फळलेली अंडी आणली, त्यांच्या नव्या कोंबड्याची. आणायच्या आधी दोन्ही बाजूच्या घरी जाऊन सांगून आले की एकवीस दिवसांनी पिल्लं निघतील, त्यातली निम्मी नर असतील, आणि ती आरवायला लागायच्या आत जातील. कोपऱ्यावरच्या गृहस्थांनी विचारलं, एकदा तरी आरवलेलं ऐकायला मिळेल का, त्यांच्या आजोळी, डबो नावाच्या गावी, एक कोंबडा होता. सातव्या दिवशी मावशींची नात येणार आहे, मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरून आतल्या शिरा बघायला. आजोबांच्या अटी ठरल्यात. नर बारा आठवड्यांच्या आत आणायचे, पोटात दाणा नसताना आणायचे, माझ्याबरोबर मावशी आल्या पाहिजेत, दोन निवडून ते ठेवून घेणार, बाकीचे साफ करून आम्हा दोन्ही घरांना देणार, आणि काहीही झालं तरी रविवारी यायचं नाही, रविवारी ते चर्चला जातात.